काठी कुणी धरायची

“अगं, इतकी ताठ नको उभी राहूस. जरा वाक. कमरेतून.”

मी वाकले.

“अजून थोडं. नजर खाली. हां, अस्संच! आता काठी आपट आणि म्हण.”

मी काठी आपटली. तिच्या टोकाला बांधलेली घुंगरं वाजली. आणि मी म्हणाले, “जोहार, मायबाप!”

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या चार मुलींनीही वाजवल्या. माझ्या खांद्यावर त्यांनी घोंगडी टाकली होती. नवीकोरी, ऑनलाइन मागवलेली, अजून प्लॅस्टिकचा वास येत होता तिला. तोंडाला तपकिरी रंग फासला होता, कारण मॅडमच्या मते मी कॅमेऱ्यात “जरा जास्तच उजळ” दिसत होते. म्हणजे माझा रंगसुद्धा यांना पुरला नाही.

आणि मी काय करत होते? हसत होते. हे आधीच सांगून टाकते, नंतर लपवायला नको. मला गंमत वाटत होती. कॉलेजच्या दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी पुढे उभं केलं होतं. मैत्रिणीला म्हणाले, “माझाही एक फोटो काढ ना गं.” तिने काढला, व्हिडिओही घेतला. फोटो मी त्याच दुपारी स्टेटसला टाकला.

टाळ्या न वाजवणारा तिथे एकच माणूस होता. गेटवरचे सिक्युरिटीचे मामा. परभणीकडचे. बारा तासांची ड्यूटी, आत येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम. ते केबिनच्या दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी त्यांना हात केला, तर त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, ऊन लागतंय त्यांना.

चाकणच्या पुढे कंपन्यांची पत्र्याची शेडं संपतात, तिथे एक टेकडी आहे. त्या टेकडीवर आमचं कॉलेज. निवासी. लिबरल आर्ट्स. माझी निवड झाली तेव्हा पप्पांनी विचारलं होतं, “म्हणजे चित्रं काढायची का गं?” पप्पा भोसरीला प्रेस शॉपमध्ये आहेत, पत्रे दाबून गाड्यांचे दरवाजे काढतात. मी म्हटलं, “नाही हो पप्पा. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, सगळंच शिकायचं. तिथेच राहायचं.” ते म्हणाले, “आणि नोकरी कशात लागणार, तत्त्वज्ञानात?” आई आतून ओरडली, “शिकू द्या की हो तिला! फी माफ आहे ना?” फी माफ होती म्हणूनच तर मी तिथे पोचले. फेलोशिप म्हणतात तिला. दर वर्षी तिचा आढावा होतो, अभ्यास आणि वर्तन बघून. यातला वर्तन हा शब्द तेव्हा मला फार साधा वाटला होता.

कॉलेजच्या माहितीपुस्तकात अभ्यासक्रम येतो सहाव्या पानावर. त्याआधी सगळा वारसा. संस्थापकांचा वारसा, त्यांच्या घराण्याचा वारसा, मातीचा वारसा, दगडाचा वारसा. आणि सगळ्यात मोठा फोटो वेशीचा. कुठल्याशा गावात रस्ता रुंद करताना जुनी वेस पाडणार होते. संस्थापकांनी ती अख्खी उचलून आणली. दगडांवर नंबर घातले, ट्रकमधून आणले, टेकडीच्या पायथ्याशी पुन्हा रचले. तेच आमचं मुख्य प्रवेशद्वार. त्यावर पितळी पाटी आहे: ‘या वेशीने शतकानुशतके प्रत्येकाचे स्वागत केले. हा आपल्या सर्वांचा वारसा आहे.’

नवीन बॅच येते तेव्हा परिचय दिन असतो. आईबापांना गाड्या खाली लावायला सांगतात आणि वेशीतून पायी आत आणतात. आधी सनई असायची, ओवाळणं असायचं. यंदा वारसा केंद्राच्या मॅडमना काहीतरी “जिवंत” हवं होतं. वेशीवर काठी घेऊन वेस राखणारा वेसकर उभा करायचा, असं त्यांच्या डोक्यात आलं. आणि वेसकर कोण? तर मी.

मीच का, तेही ऐका. प्रवेशाच्या वेळी एक निबंध लिहून घेतात, ‘माझा वारसा’. बाकीच्यांनी लिहिलं असेल आजोबांच्या सतारीबद्दल, पणजीच्या पैठणीबद्दल. माझ्याकडे काय होतं? मी पप्पांना विचारलं. पप्पा म्हणाले, “लिही की, तुझे खापरपणजोबा, पणजोबा गावाच्या वेशीचे राखणदार होते.” मला काय आवडलं ते! राखणदार. मी रंगवून रंगवून लिहिलं. गाव झोपायचं आणि आमचे पणजोबा जागे असायचे, वगैरे. निबंध वाचून निवड समितीतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

तोच निबंध मॅडमनी फाइलमधून बाहेर काढला. मला बोलावलं आणि म्हणाल्या, “तुझ्या रक्तातच आहे हे. दुसरं कुणी केलं तर ते नाटक वाटेल. तू केलंस तर ते ऑथेंटिक.”

मी म्हटलं, “थँक यू, मॅडम.”

थँक यू म्हणाले मी! आता आठवलं तरी शिसारी येते.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळीच घरी गेले. आमचं घर थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या बाजूला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आबांची कॉट. आबा म्हणजे पप्पांचे वडील. पिंपरीच्या कंपनीत आयुष्य काढलं, आता गुडघे गेलेत. पण फोन मोठ्या हौसेने वापरतात, सगळ्यांची स्टेटस बघतात. मी चप्पल काढत होते तोवर त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

“ह्यो फोटू कुनाचा?”

“माझाच की, आबा. ओळखलं नाही? कॉलेजात कार्यक्रम आहे.”

“ही काठी कुनी दिली तुला?”

“मॅडमनी. मी राखणदार झालेय. आपल्या पणजोबांसारखी.”

आबांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा खाली बघायला लागले. आबा म्हणाले, “राखणदार? असं सांगितलंस व्हय रं पोरीला?”

मग आबा बोलले. या माणसाने मला आजवर गावाचं नावही धड सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, काय ठेवलंय तिथं. त्या दिवशी कॉटच्या कडेला बसून, गुडघ्यावर हात ठेवून, एका सुरात सगळं सांगितलं.

“काठी वर्साच्या पाळीनं फिरायची. ह्या वर्सी ह्या घरात, त्या वर्सी त्या घरात. त्या वर्सी आमच्या दारात आली. बा माजा दम्यानं पडलेला. माजं नुकतं लगीन झालेलं. मंग काठी मी धरली. वेशीभाईर बसायचं. आत न्हाई, भाईर. कुनी मेलं की सांगावा घिऊन चार गावं पळायचं. दिवस मावळला की दारोदार भाकर मागायची. आन कोन सायब आला की त्याच्याफुडं पळायचं, घुंगरं वाजवत. आदी घोड्याफुडं पळायचे म्हनं. घोडं गेलं, जीप आली, पर आमचं पळनं काय गेलं न्हाई.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“एक दिस पाटलाच्या जीपफुडं पळत आलो वेशीपातूर. छाती फुटायची बाकी. वाकून जोहार घातला. पाटलाचा पोरगा माज्याच वयाचा. जीपमदी बसलेला. तो म्हनला, घुंगरं नीट वाजली न्हाईत, परत पळ. म्या परत पळालो. तुजी आजी हिरीकडनं येत व्हती. तिनं बघितलं.”

आबा थांबले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“दुसऱ्या दिशी काठी चावडीच्या पायरीवर ठिवली. पाटील म्हनला, उचल. म्या न्हाई उचलली. तुज्या आजीला घिऊन पिंपरीला आलो ते पुन्यांदा त्या वेशीतनं गेलो न्हाई. पर माज्या मागं माज्या धाकट्या भावाला उचलावी लागली ती. त्यो मरस्तवर माज्याशी बोलला न्हाई.”

मग त्यांनी हात पुढे केला. “व्हिडिओ बी काडला असंल. दाव.”

मी म्हटलं, राहू द्या आबा. ते म्हणाले, दाव. मी दाखवला. मी वाकतेय, काठी आपटतेय, हसतेय, तोंड तपकिरी, आणि म्हणतेय, जोहार मायबाप. पाठीमागे टाळ्या. आबांनी पूर्ण बघितला. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “म्या तुला शिकाया धाडली का वाकाया?”

मी मोरीत गेले आणि ओकले. खरोखरच ओकले, उगाच वाढवून सांगत नाही. नंतर ब्रशने जीभ घासत राहिले. हिरड्यांतून रक्त आलं तरी घासत होते. तो शब्द तोंडात कुठेतरी चिकटून बसलाय असं वाटत होतं. स्वतःचीच घाण वाटत होती. एवढी पुस्तकं वाचून मला एक काठी ओळखता आली नव्हती.

बाहेर येऊन पप्पांवर ओरडले. “राखणदार का सांगितलंत मला?”

पप्पा म्हणाले, “मग काय सांगायचं होतं? शाळेत मान खाली घालून गेली असतीस.” मग हळूच म्हणाले, “हे बघ, एकदाच करायचंय ना? नाटकच आहे. करून टाक. सीट जाईल गं.”

पप्पांचा राग आला मला. पण पप्पा घाबरले होते, आणि उगाच नव्हते घाबरले. त्यांच्या लाइनवरच्या एकाही कामगाराचं पोरगं असल्या कॉलेजात गेलेलं नाही.

सोमवारी मॅडमकडे गेले. सांगितलं, मी वेसकर होणार नाही. आबांचं सगळं सांगितलं, जीपसुद्धा. त्यांनी मान हलवत ऐकलं, वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, “किती पॉवरफुल आहे हे! तू हे रेकॉर्ड का नाही केलंस?”

मी म्हटलं, “मॅडम, मी करणार नाही म्हणतेय.”

“तू फार सेन्सिटिव्ह होतेयस. आपण त्यांचा गौरवच करतोय ना?”

“मग पाटील कोण होणार आहे?”

त्यांना प्रश्न कळलाच नाही. “पाटील? त्याची काय गरज? दादासाहेब असतीलच की तिथे.”

दादासाहेब म्हणजे संस्थापकांचे नातू, आताचे अध्यक्ष. मॅडम हे अगदी सहज बोलल्या. वेसकराला घोंगडी लागते, रंग लागतो, तालीम लागते. पाटलाला काही लागत नाही. त्याने नुसतं यायचं.

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात फेलोशिपचा आढावा आहे, लक्षात आहे ना? मला तुझ्याबद्दल चांगलंच लिहायचंय.”

किती गोड आवाज. अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

परिचय दिनाला मी वेशीवर गेले. मॅडमना वाटलं, नमली पोरगी. घोंगडी घेतली नाही, तोंडाला रंग लावू दिला नाही. माझा रोजचा कुडता, पायांत बूट. काठी मात्र हातात घेतली. मॅडम दात आवळून म्हणाल्या, “घोंगडी कुठाय?” मी म्हटलं, “आहे आत.” तोवर लोक चढ चढून यायला लागले होते, त्यामुळे त्यांना काही करता येईना.

पुढे दादासाहेब. रेशमी जॅकेट, हसरा चेहरा, दोन्ही बाजूंना नवीन मुलांचे आईबाप. कॅमेरेवाला उलट्या पावलांनी चालत होता. दादासाहेब सांगत होते, “ही वेस म्हणजे आमच्या संस्थेचा आत्मा.” सनई थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमनी खूण केली, वाक.

मी ताठ उभी राहिले. काठी आडवी धरली, दोन्ही हातांवर, आणि दादासाहेबांच्या पुढे केली.

“हा आपल्या सर्वांचा वारसा आहे, असं वर लिहिलंय. धरा.”

ते हसले. लोकही हसले, कार्यक्रमातलंच काहीतरी असेल असं वाटून. मी काठी तशीच धरून ठेवली. दादासाहेबांनी हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले. मग अगदी प्रेमाने म्हणाले, “हे तुझं काम आहे, बाळ.”

“कधीपासून?” मी विचारलं.

हसणं थांबलं. मी शेजारच्या बाईंपुढे काठी केली. चांगल्या शिकलेल्या दिसत होत्या, गळ्यात मोत्यांचा सर. त्या चटकन मागे सरल्या, “नको गं बाई, मला कशाला?” त्यांच्या नवऱ्यापुढे केली, तो फोनमध्ये बघायला लागला. तालमीला टाळ्या वाजवणाऱ्या चार जणींपुढे केली. चौघींचे हात मागे. मॅडमपुढे केली. त्या पुटपुटल्या, “तमाशा नको, प्लीज.”

एकानेही धरली नाही. चांगलं शंभर-दीडशे माणूस होतं. वारसा सगळ्यांचा, काठी माझी.

तेव्हा मी मोठ्याने सांगितलं. “माझे आबा असलीच काठी घेऊन पाटलाच्या जीपपुढे पळाले. अशाच वेशीबाहेर बसले. या वेशीने प्रत्येकाचं स्वागत केलेलं नाही. ती पाटी खोटी आहे.” आणि काठी वेशीच्या बरोबर मधे, वाटेत ठेवली. घुंगरं एकदा वाजली.

आत जायचं तर ती ओलांडावी लागणार होती. कुणी पाय उचलेना. दादासाहेबांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. त्यांनी मागे न बघताच हाक मारली, “ए, कोण आहे रे? उचल ती.”

केबिनमधून मामा आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाकले. काठी उचलली. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, “नौकरी हाय, ताई.”

सनई पुन्हा सुरू झाली आणि सगळे आत गेले. आत पोह्यांचा बेत होता.

आठवड्याने मला बोलावलं. लांबलचक टेबल, एका बाजूला पाच जण, दुसऱ्या बाजूला मी. पुढ्यात टाइप केलेला कागद होता. ‘माझ्या गैरसमजातून पाहुण्यांच्या भावना दुखावल्या, त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ खाली सहीसाठी रेघ. पेनसुद्धा उघडून ठेवलेलं. दादासाहेब म्हणाले, “आम्ही तुला इथे घेतलं, हे विसरू नकोस.”

मी म्हटलं, “माझे मार्क बघून घेतलंत. आणि निबंध वाचून. तो निबंध चुकीचा होता, तेवढ्याबद्दल मात्र माफी मागते. बरोबर करून आणलाय.” आणि नवा निबंध त्यांच्या कागदावर ठेवला. आबांनी सांगितलेलं सगळं, आबांच्याच शब्दांत. सही केली नाही. तिथे बसलेल्यांपैकी एकाने दोन बोटांनी माझे कागद बाजूला सरकवले. उष्टी पत्रावळ सरकवावी तसे. तेवढं बघून मी उठले.

फेलोशिप आता ‘विचाराधीन’ आहे. जेवणाच्या हॉलमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. फोटो काढणारी मैत्रीण म्हणते, “चार दिवस राहू दे, मग बोलू.” पप्पा फोनवर जेवलीस का एवढंच विचारतात आणि आईकडे देतात. काठी वारसा केंद्रात काचेच्या पेटीत ठेवलीय. पाटी जिथल्या तिथे आहे, परवाच घासून पुसून चकचकीत केली.

मागच्या रविवारी घरी गेले होते. आबांना वेशीवरचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाब्बास म्हणतील. त्यांनी एकच विचारलं.

“तुज्या मागं कुनी उचलली?”

मी सांगितलं, गेटवरच्या मामांनी.

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाले, “मंग काय संपलं? माज्या भावावानीच झालं की.”

खरं आहे. काही संपलेलं नाही. मी ठेवली म्हणून दुसऱ्याला वाकावं लागलं.

म्हणून मी सांगते, मी हे कॉलेज सोडणार नाही. फेलोशिप काढली तर भांडेन, नाव काढलं तर वेशीसमोर बसेन. रोज त्याच वेशीतून आत जाईन, ताठ, बूट वाजवत. पुढच्या परिचय दिनाला येणाऱ्या प्रत्येक आईबापाला तिथे उभी राहून सांगेन, या दगडांच्या आत कोण राहायचं, बाहेर कोण बसायचं आणि जीपमध्ये कोण असायचं. ती पाटी उतरेपर्यंत सांगेन.

मला तिथून हलवायचं असेल तर दादासाहेब, माझ्या हाताला धरून हलवावं लागेल. मामांना हाक मारू नका. स्वतः या.